जुनी चिठ्ठी



औषधांच्या दुकानात संध्याकाळी सहा ते नऊ ही खरी धांदलीची वेळ. रानातून, कारखान्यावरून, ऑफिसातून माणसं परतलेली असतात. त्या वेळी काउंटरपुढं जी गर्दी होते, तिच्यात डॉक्टरांची ताजी चिठ्ठी असते थोड्यांच्याच हातात. बाकीच्यांच्या हातात काय असतं? कुणाकडं रिकामी पट्टी, तीही कात्रीनं कापलेली, त्यामुळं औषधाचं नाव अर्धंच उरलेलं. कुणी मोबाइल पुढं करतो, पुण्याच्या भाच्यानं फोटो पाठवलेला असतो. कुणी नुसतंच म्हणतं, "दादा, मागल्या खेपेला दिली होती ना, ती पिवळी गोळी." आणि जुन्या चिठ्ठ्या तर रोजच्याच. घडीवर फाटलेली, चिकटपट्टीनं जोडलेली, कोपऱ्याला हळदीचा डाग. तारीख बघावी तर दोन वर्षांपूर्वीची. नाव बघावं तर थोरल्या भावाचं, आणि औषध न्यायला धाकटा आलेला, स्वतःसाठी.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध घेऊ नका, हे तुम्ही इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचा आता काही परिणाम होत नाही. मला बोलायचं आहे ते या जुन्या चिठ्ठीबद्दल. चिठ्ठी लिहिली गेली तेव्हा ती खरीच होती. डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती तपासली, वय विचारलं आणि त्या माणसापुरतं, त्या आजारापुरतं, पाच दिवसांचं औषध लिहिलं. माणूस बरा झाला. तिथं त्या कागदाचं काम संपलं. पण आपल्या घरात चिठ्ठी संपत नाही. शेजारणीला विरजण द्यावं तशी ती या घरातून त्या घरात जाते, आणि प्रत्येक घरात तेच औषध नव्यानं लागत राहतं.

लोक हे अडाणीपणानं करतात असं मला वाटत नाही. त्यांचा हिशेब अगदी पक्का असतो. दवाखान्यात जायचं म्हणजे एसटीचं भाडं, डॉक्टरांची फी, नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस, म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडाला. वर रक्त-लघवी तपासून या म्हणाले तर आणखी एक फेरी. इकडं मेडिकलमध्ये पाच मिनिटांत, वीस-तीस रुपयांत काम होतं. नोकरदार माणसाची अडचण वेगळी, पण हिशेब तोच. हा हिशेब चुकतो कुठं, ते दोन-तीन औषधांवरून सांगतो.

आमचा भाग उसाचा. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्यांतली माणसं दुकानात येतात. एखादी मावशी एका हातानं कंबर धरून म्हणते, "कमरंची गोळी द्या, दहा द्या." आजची एक नाही, आठवड्याच्या दहा. दुखणं रोजचं आहे, कारण मोळी रोज उचलायची आहे. ती मागते ती गोळी बहुधा डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅकची असते. ही औषधं शरीरातली प्रोस्टाग्लॅन्डिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाहीत. सूज आणि दुखणं त्या द्रव्यांमुळं वाढतं, म्हणून गोळीनं आराम पडतो. पण शरीरातलं पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या उघड्या ठेवायचं काम याच द्रव्यांकडं असतं. दिवसभर उन्हात घाम गाळलेल्या, पाणी पुरेसं न प्यालेल्या बाईला त्यांची गरज नेमकी तेव्हाच असते, आणि नेमकी तेव्हाच ती गोळी घेते. घरी एखाद्याची बीपीची टेल्मिसार्टन चालू असेल, तिच्यासोबत लघवी जास्त व्हायची गोळी असेल आणि वर ही कमरेची गोळी पडली, तर मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी ताण येतो. चिठ्ठी थोरल्या भावाची होती, त्याला बीपी नव्हतं. धाकट्याला आहे. कागदावर हे कुठं लिहिलेलं असणार?

याच डायक्लोफेनॅकची एक गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडली आहे. आता पन्नाशीच्या पुढं असलेल्यांनी लहानपणी गावाबाहेर मेलेल्या जनावरावर गिधाडांचा थवा पाहिला असेल. आज मुलांना गिधाड चित्रात दाखवावं लागतं. दुखणाईत गुराढोरांना हे औषध टोचलं जायचं, जनावर मेलं की गिधाडं ते खायची आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. हे कारण २००४ साली उजेडात आलं. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गेली होती. २००६ साली सरकारनं जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ साली माणसाचं इंजेक्शनही ३ मिलीच्या एका डोसाच्या बाटलीतच विकायचं असं ठरलं. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, आपलं शरीर हे औषध बरंच पचवतं, हे मान्य. पण बिनधोक म्हणून चिंचोक्यांसारखी मूठभर न्यावी अशी ती चीज नव्हे, एवढं तरी पटावं.

आता नायटा. हा विषय चारचौघांत कुणी काढत नाही. गिऱ्हाईक दुकान रिकामं व्हायची वाट बघतं, मग हळूच म्हणतं, "खाजेची ट्यूब द्या." कुठली, असं विचारलं की मित्रानं सांगितलेल्या ट्यूबचं नाव येतं. त्या एकाच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोलसारखं जबर स्टेरॉइड असं कडबोळं असतं. लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश होतो. खाज थांबते ती स्टेरॉइडनं. तेच स्टेरॉइड कातडीची प्रतिकारशक्ती दाबून टाकतं, आणि खाली बुरशी निवांत पसरते. ट्यूब थांबवली की दुप्पट जोरानं खाज. पुन्हा ट्यूब. असे महिने जातात. मग जांघेत कातडी पातळ होऊन बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे चरे उमटतात, आणि ते जन्मभर राहतात. गोरं व्हायचं म्हणून हीच मलमं तोंडाला लावणाऱ्या मुली आहेत. उन्हात गेलं की त्यांचा चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. २०१८ साली केंद्र सरकारनं १४ स्टेरॉइडांची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. तोवर उशीर झाला होता. नेहमीच्या औषधांना दाद न देणारी नायट्याची बुरशी आपल्याकडं फोफावली. शास्त्रज्ञांनी २०२० साली तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं, आणि आज ती परदेशांतल्या दवाखान्यांतही सापडते. पूर्वी पंधरा दिवसांत बरा होणारा नायटा आता त्वचारोगतज्ज्ञांकडं महिनोन् महिने चालतो.

अँटिबायोटिकबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलेलं असतं, म्हणून थोडक्यात. साधी सर्दी, नाक गळणं, कणकण बहुधा विषाणूंची असते, तिथं अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही. तरी माणूस म्हणतो, "जरा हेवी डोस द्या." आणि नेतो किती? दोन गोळ्या. पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५च्या डिसेंबरात नोबेलच्या भाषणात नेमक्या या माणसाची गोष्ट सांगितली होती. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच औषध घेतो, अपुरं घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. ते बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, आणि आता पेनिसिलिन चालत नाही म्हणून ती दगावते. दहा वर्षांनी, १९५५ साली, आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पेनिसिलिन बनू लागलं. म्हणजे हे औषध आपण इथं बनवायला लागलो, त्याच्या आधीच त्याच्या जनकाची सूचना येऊन पडलेली होती.

आता आम्हा औषधविक्रेत्यांच्या बाजूचंही बोलतो, नाहीतर सगळा दोष गिऱ्हाइकाच्या माथी मारल्यासारखं होईल. औषधविक्रीच्या १९४५च्या नियमांत ६५वा नियम आहे. त्यात लिहिलंय की डॉक्टरांनी पुन्हा द्यावं असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं. औषध दिलं की दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख त्याच चिठ्ठीवर टाकायची. म्हणजे जुनी चिठ्ठी कायद्याच्या लेखी केव्हाच संपलेली असते. तुमच्या किती चिठ्ठ्यांवर असा शिक्का आहे, घरी गेल्यावर बघा. शिवाय १९४८च्या फार्मसी कायद्यानं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं. पुष्कळ दुकानांत त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं आणि तो स्वतः भलत्याच गावी असतो, लायसन भाड्यानं दिलेलं. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०१२-१३च्या सुमारास, त्यांनी हे दोन्ही नियम कडक पाळायला लावले, तेव्हा आमच्याच धंद्यातल्या लोकांनी दुकानं बंद ठेवली होती. मला विचाराल तर झगडे साहेबांचं बरोबर होतं. झोपेच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या आणि काही वरच्या दर्जाची अँटिबायोटिकं २०१४पासून वेगळ्या यादीत आहेत. त्यांच्या विक्रीची वही ठेवायची, डॉक्टराचं नाव, रोग्याचं नाव, औषध, संख्या, आणि ती वही तीन वर्षं जपायची. नीट ठेवली तर ही वही फार उपयोगाची आहे.

म्हणजे काहीच आपल्या मनानं घ्यायचं नाही का? असं कायदाही म्हणत नाही. हजारापर्यंत वस्तीच्या खेड्यात पॅरासिटामॉल, बाम, ॲसिडिटीची साधी गोळी असल्या वस्तू किराणा दुकानातसुद्धा विकायला सूट आहे, आणि ते योग्यच आहे. अंगदुखी, साधा ताप यांना एक-दोन दिवस पॅरासिटामॉल घ्या, जुलाबाला ओआरएस प्या. पण मोठ्या माणसानंही दिवसाला ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाऊ द्यायचं नाही. दारू पिणाऱ्यानं आणि काविळीचा त्रास झालेल्यानं तर डॉक्टरांना विचारूनच. सर्दीच्या गोळीत, अंगदुखीच्या गोळीत, तापाच्या गोळीत, तिन्हींत तेच पॅरासिटामॉल असू शकतं, म्हणून पट्टीमागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचा. पावसाळ्यात ताप आला तर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको. डेंग्यू निघाला तर रक्तस्राव वाढतो. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीचंच. आणि काउंटरवर आम्हाला वय सांगा, चालू असलेल्या गोळ्या सांगा, बाई असेल तर दिवस गेलेत का ते सांगा. आम्ही विचारलं तर रागावू नका. न विचारणाऱ्या दुकानात मात्र जरा सावध राहा.

बीपी, साखर, थायरॉइड यांच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालतात. त्यांच्यासाठी दर महिन्याला दवाखान्याच्या पायऱ्या चढणं कुणाला परवडणार? त्यावर उपाय त्या ६५व्या नियमातच आहे. पुढच्या वेळी तपासायला गेलात की उठायच्या आधी डॉक्टरांना विचारा, "हे औषध किती दिवस घ्यायचं? पुन्हा कधी दाखवायचं?" आणि ते जे सांगतील ते चिठ्ठीवर त्यांच्याच हातानं लिहून घ्या, तीन महिने तर तीन महिने. तुमचं पूर्ण नाव आणि वयही लिहायला सांगा. बाहेर गर्दी असेल, डॉक्टर थोडे वैतागतील. वैतागू द्या. तो कागद घेऊन या, आम्ही महिन्याच्या महिन्याला शिक्का मारून औषध देऊ, आणि मुदत संपली की तसं सांगू.