शाळा कोणती, त्याआधी शिकणे किती?

(बेळगुंदी येथे गणेशोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीपुढे व्याख्यान ठेवण्याची रीत अजून सोडली नाही, याबद्दल मंडळाचे आभार. बेळगुंदीत साहित्य संमेलन भरते, तेव्हा भाषेबद्दल आपण भरभरून बोलतो. आज मात्र आम्ही भाषेच्या अभिमानाबद्दल कमी आणि मुलांच्या शिकण्याबद्दल जास्त बोलणार आहोत. विषय आहे शाळांबद्दल अर्थशास्त्रज्ञांनी काय शोधून काढले आणि त्यातले आपल्या सीमाभागाला काय उपयोगी पडते.

मे महिना संपत आला, की घराघरात एकच चर्चा असते. पोराला कुठल्या शाळेत घालायचे? मराठी, कानडी की इंग्रजी? आजोबा म्हणतात मराठी, बाप म्हणतो इंग्रजी, आणि कानडी आल्याशिवाय सरकारी नोकरी कशी मिळणार, असा प्रश्न शेजारी टाकतो. तिघांचेही काही चुकत नाही. तरीही निर्णय होतो तो बहुतेक वेळा दारात येणाऱ्या व्हॅनकडे आणि शेजारच्याच्या मुलाकडे बघून.

अर्थशास्त्रज्ञ असा निर्णय कसा तपासतात? आपल्याला ते सहज कळेल, कारण आपण शेतकरी आहोत. भाताचे नवे बियाणे आले, की आपण सगळे रान त्यावर लावत नाही. एका वाफ्यात नवे, शेजारच्या वाफ्यात जुने टाकतो, खत-पाणी सारखे देतो आणि सुगीला माप घेतो. शाळांचेही तसेच करायचे. काही शाळांना नवी योजना द्यायची, काहींना नाही. कोणाला द्यायची ते चिठ्ठी टाकून ठरवायचे आणि वर्षाअखेरीस दोन्हीकडच्या मुलांची परीक्षा घ्यायची. या पद्धतीने गरिबी आणि शिक्षण यांचा अभ्यास केल्याबद्दल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्यांच्या कामातला एक महत्त्वाचा प्रयोग मुंबईत आणि बडोद्यात झाला. मुंबईत १९९४-९५ च्या सुमारास 'प्रथम' ही संस्था सुरू झाली. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे ही तिच्या संस्थापकांची नावे. महापालिकेच्या शाळांत तिसरी-चौथीत पोचूनही वाचता न येणारी मुले होती. प्रथमने वस्तीतल्याच, शाळा शिकलेल्या मुलींना थोडे प्रशिक्षण दिले. त्यांना 'बालसखी' म्हणत. मागे पडलेल्या मुलांना बालसखी रोज दोन तास वेगळे घेऊन बसायची आणि जिथे मूल अडले होते तिथूनच शिकवायची. मानधन महिन्याला हजार रुपयांच्याही आत. तरीही मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत जास्त वाढले ते सर्वांत मागे असलेल्या मुलांचे. नवी इमारत नाही, संगणक नाही. मुलाला काय येते ते बघून तिथून पुढे नेले, एवढेच.

हे इतके महत्त्वाचे का? प्रथमच्याच पुढाकाराने २००५ पासून खेडोपाडी घरोघर जाऊन मुलांचे वाचन तपासले जाते. २०१८ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या साधारण निम्म्याच मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येत होता. कोरोनात शाळा बंद राहिल्या, आणि २०२२ मध्ये हा आकडा ४३ टक्क्यांच्या आसपास आला. म्हणजे मूल शाळेत जाते, पण शिकतेच असे नाही. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. मुलांना शाळेच्या दारापर्यंत आणण्याची ती लढाई आपण जवळजवळ जिंकली. दाराच्या आतली लढाई अजून बाकी आहे.

आता शिक्षकांकडे येऊ. २००३ मध्ये वीस राज्यांतल्या सुमारे ३,७०० सरकारी शाळांना न सांगता भेटी दिल्या गेल्या. चारातला एक शिक्षक गैरहजर आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण सर्वांत कमी, १५ टक्के होते, तर झारखंडात ४२ टक्के. राजस्थानात उदयपूरकडच्या एकशिक्षकी शाळांत शिक्षकाने रोज मुलांसोबत फोटो काढायचा आणि पगार हजर दिवसांवर ठरायचा, असा प्रयोग झाला. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ वर आली आणि मुले जास्त शिकली. उलट इंडोनेशियाने शिक्षकांचा मूळ पगार दुप्पट केला. शिक्षक समाधानी झाले, पण मुलांच्या शिकण्यात फरक दिसला नाही.

यावरून गुरुजींना दोष द्यावा असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. आपल्या भागातल्या मराठी शाळांचे दुखणे बरेचदा वेगळे असते. जागाच रिकामी असते. एकच बाई दोन-तीन वर्ग सांभाळतात, वर कार्यालयाचे कागद भरतात. पण मुलाच्या दृष्टीने विचार केला, तर गुरुजी आले नाहीत काय आणि नेमलेच नाहीत काय, फळा कोराच राहतो. म्हणून पहिली मागणी इमारतीच्या रंगाची नको, शिक्षकाची हवी.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न, माध्यमाचा. तरुण जैन या अर्थशास्त्रज्ञाचा एक निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो जणू आपल्यासाठीच लिहिला आहे. इंग्रजांच्या काळातल्या प्रांतांत काही जिल्ह्यांची भाषा प्रांताच्या कारभाराच्या भाषेशी जुळत होती, काहींची नव्हती. जिथे जुळत नव्हती, तिथे साक्षरता १८ टक्क्यांनी आणि पदवीधरांचे प्रमाण २० टक्क्यांनी कमी आढळले. कारण शाळेत परकी भाषा. १९५६ ला भाषावार राज्ये झाली, आणि ते जिल्हे हळूहळू बरोबरीला आले.

१ नोव्हेंबर १९५६ म्हटले, की या सभेत काय आठवते ते सांगायला नको. ज्या तारखेने देशातल्या कितीतरी जिल्ह्यांना त्यांची भाषा शाळेत मिळवून दिली, त्याच तारखेने आपल्याला दुसऱ्या भाषेच्या राज्यात नेऊन ठेवले. महाजन आयोग झाला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या प्रश्नावर आपले मत एकच आहे. पण प्रामाणिकपणे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात याच धारवाड-बेळगाव भागात कानडी घरांतल्या मुलांना मराठी शाळांत बसावे लागे. डेप्युटी चन्नबसप्पांसारख्यांनी कानडी शाळांसाठी झटून ते बदलले. त्या मुलांना तेव्हा जे जड गेले, तेच आज आपल्या मुलांना जाते. लहान मूल घरच्या भाषेत लवकर वाचायला शिकते हा नियम कोणत्याही एका भाषेचा पक्ष घेत नाही. म्हणूनच तो आपण कोणापुढेही ताठ मानेने मांडू शकतो.

मग इंग्रजीकडे जाणारे पालक चुकतात का? नाही. २००५ च्या माहितीवरून केलेल्या एका अभ्यासात अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषाची तासाची कमाई सुमारे ३४ टक्क्यांनी जास्त आढळली. पश्चिम बंगालने १९८३ पासून सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढले. पुढे त्या पिढीची कमाई त्यामुळे घटल्याचे अभ्यासकांना दिसले. आणि खुद्द दादरचा अभ्यास ऐका. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाईग यांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. नव्वदच्या दशकात इंग्रजीचा मोबदला वाढला, तरी कामगार जातींतली मराठी मुले मराठी माध्यमातच राहिली, कारण काका-मामांच्या ओळखीने मिळणारी कारखान्यातली कामे त्यांना समोर दिसत होती. मुलींसाठी अशी ओळख कधी नव्हतीच. त्यामुळे त्यांच्या बहिणी इंग्रजीकडे वळल्या आणि पुढे निघाल्या. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मामाच्या शब्दावर लागलेली किती मुले आपल्या ओळखीची आहेत, ते आठवा. मामाचा शब्द आज उपयोगी पडतो. उद्या फाउंड्रीला माणसे कमी लागली, तर काय?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. घरच्या भाषेत मूल नीट शिकते, आणि इंग्रजीला बाजारात दाम आहे. गोंधळ होतो तो 'इंग्रजी शिकणे' आणि 'इंग्रजीतून शिकणे' यांत. पहिलीतले पोर, घरी कोणी इंग्रजी बोलत नाही, त्याला गणित आणि परिसर इंग्रजीतून दिला, तर तीनही हातचे जातात. मराठी कच्ची, इंग्रजी पाठांतराची, गणित समजलेलेच नाही. माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा आहे. ६ मे २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्याच प्रकरणात सांगितले, की सरकार मातृभाषेची सक्ती करू शकत नाही. तेव्हा सक्तीने मराठी शाळा टिकणार नाही. ती चांगली असेल तरच टिकेल. आणि चांगली म्हणजे मराठीतून पक्के वाचन-गणित, सोबत पहिलीपासून मन लावून शिकवलेले इंग्रजी, आणि कामापुरती नव्हे तर कागद लिहिता येईल अशी कानडी.

मग आपण गावाने काय करायचे? चार गोष्टी सुचवतो.

पहिली, आज घरी गेल्यावर चौथी-पाचवीतल्या मुलाला दुसरीचे पुस्तक उघडून एक पान वाचायला सांगा. शाळा कोणत्याही माध्यमाची असो, आधी हे माप घ्या.

दुसरी, जी मुले अडतात त्यांच्यासाठी मंडळाने संध्याकाळी दोन तासांचा वर्ग चालवावा. गट इयत्तेप्रमाणे नको, येते त्याप्रमाणे करावेत. गावात पदवी घेऊन घरी बसलेल्या मुली आणि सुना आहेत. त्यांना मानधन द्यावे, फुकट राबवू नये.

तिसरी, शाळा सुधारणा कमिटीत नाव घालण्यासाठी धडपड होते, तेवढी बैठकीला हजर राहण्यासाठी व्हावी. शिक्षकाची जागा रिकामी असेल, तर दर महिन्याला लेखी अर्ज जावा आणि त्याची पोच ठेवावी.

चौथी, ज्यांची मुले बाहेर शिकून स्थिरावली, त्यांनी गावातल्या शाळेला परके समजू नये. घरातले मूल तिथे नसले, तरी भाऊबंदांचे आहे.

या चारही गोष्टींना मोठी रक्कम लागत नाही. यंदा मंडपाच्या रोषणाईतून थोडी बचत झाली, तरी एका वर्गाचे वर्षभराचे मानधन निघेल. न्यायालयाचा निकाल कधी लागेल ते आपल्या हातात नाही. पण तो लागेल तेव्हा त्याची प्रत हातात घेऊन मराठीत वाचणारी मुले या गावात असावीत, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

गणपती विद्येची देवता. त्याची आरती आपण दहा दिवस मोठ्याने म्हणतो. अकराव्या दिवसापासून ही पाने वाचायला बसू या. एवढेच बोलून आम्ही थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!