ढिगाऱ्यातून उठलेला संघ



मी शाळा फार शिकलो नाही; संघटना म्हणजे काय ते गिरणीच्या दाराशी शिकलो. म्हणूनच एका वॉटरपोलो संघाची हकीकत मला आपलीशी वाटते.

इटलीत जिनोव्हाजवळ समुद्रकाठी रेक्को नावाचे गाव आहे. वस्ती दहा हजारांच्या आसपास. तेथल्या तरुणांनी १९१३ साली पोहण्याचे मंडळ काढले. तलाव कुठला? समुद्रातच खेळत. गावावरून रेल्वेचा उंच पूल जातो. तो पाडण्यासाठी नोव्हेंबर १९४३ पासून दोस्तांच्या विमानांनी बाँब टाकले आणि जवळजवळ सारे गाव ढिगारा झाले. पण १९४६ साली तेच मंडळ ‘प्रो रेक्को’ या नावाने पुन्हा पाण्यात उतरले! १९५९ साली त्याने इटलीचे अजिंक्यपद जिंकले, १९६५ साली युरोपचा चषक. त्याचाच एराल्दो पित्सो १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघात होता.

पुढे खेळ धंदेवाईक झाला, धनिकाचा पैसा आला, परदेशी खेळाडू आले. २०२३ पर्यंत युरोपचे अजिंक्यपद अकरा वेळा मिळाले. पैशाचे मोल मी नाकारीत नाही. पण त्याआधी माणसे एकत्र आली होती, हे विसरू नका. इमारत पडली म्हणून संघटना पडत नाही; माणसे पांगली म्हणजे पडते.