पांदण रस्त्यावरचा पातळ मुरूम

जळगाव जामोद तालुक्याची जमीन सातपुड्यापासून पूर्णेकडे उतरत जाते आणि तिच्याबरोबर पांदणीचा स्वभाव बदलतो. डोंगराच्या पायथ्याशी वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि भरड वाळूचा पट्टा आहे. तिथे पाणी लवकर मुरते. वाट धुपते, पण रुतत नाही. त्याखाली गाळाची काळी जमीन लागते आणि नदीच्या अंगाला ती खारपाणपट्ट्यात मिसळते. तालुक्यातल्या शेतरस्त्यांचे खरे दुखणे या काळ्या जमिनीत आहे.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज भरपूर असते. पाणी मिळाले की ते फुगते, सुकले की आकसते. एप्रिल-मे महिन्यांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जूनमधला पहिला जोराचा पाऊस त्या भेगांतून थेट तळात उतरतो. मातीचा दम रस्तेबांधणीत सीबीआर या आकड्याने मोजतात. भिजलेल्या काळ्या मातीत तो बहुधा २ ते ४ यांच्या दरम्यान घुटमळतो. म्हणून उन्हाळ्यात भरलेला ट्रॅक्टर पेलणारी वाट पेरणीच्या आठवड्यात रिकामी बैलगाडीही अडवते. पुढे सोयाबीनची मळणी परतीच्या पावसात सापडली, तर तयार माल शेतातच झाकून ठेवावा लागतो.

यावर रूढ उपाय मुरुमाचा. तीन मीटर रुंद, एक किलोमीटर लांब पांदणीवर १५ सेंटिमीटरचा सैल थर द्यायचा तर ४५० घनमीटर, म्हणजे सुमारे १५९ ब्रास मुरूम लागतो. इतका मुरूम बहुधा मिळत नाही. मिळतो तो निम्मा किंवा त्याहून कमी, आणि तोही टिप्परने ढीग टाकून वरवर पसरलेला. पहिल्या पावसात चाके तो खाली दाबतात, खालचा चिखल वर येतो आणि दिवाळीपर्यंत मुरूम कुठे पडला होता हे ओळखूही येत नाही. दोष मुरूम कमी असण्याचा जितका आहे, त्याहून अधिक कामाच्या उलट्या क्रमाचा आहे. पातळ थर टिकतो, पण त्याच्याखालची जमीन आधी तयार झाली असेल तरच.

तयारीत पहिले स्थान पाण्याचे. दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांमध्ये दबलेली पांदण वर्षानुवर्षांच्या वाहतुकीने शेतापेक्षा खोल जाते आणि पावसाळ्यात नाला होऊन बसते. त्यामुळे आधी दोन्हीकडे नाली काढावी, तीच माती मधोमध टाकून वाट शेजारच्या शेतापेक्षा उंच करावी आणि नालीला ओढ्यापर्यंत वाट करून द्यावी. शेवट नसलेली नाली म्हणजे लांबट डबकेच. मग वाटेला पाठ द्यावी. तीन मीटर रुंदीत मधला भाग कडांपेक्षा सहा सेंटिमीटर उंच ठेवला की दोन्हीकडे चार टक्के उतार मिळतो. हे सहा सेंटिमीटर वरच्या मुरुमाइतकेच मोलाचे आहेत, आणि त्यांना खाणीतून काही आणावे लागत नाही.

आकार दिलेल्या मातीवर ओल असतानाच रोलर फिरला पाहिजे. ढेकळांवर मुरूम टाकला तर तो ढेकळांमधल्या पोकळीत जातो. मुरूम निवडताना भरड खडा आणि त्याला बांधणारी थोडी माती, दोन्ही हवेत. निव्वळ मातकट मुरूम पावसात काळ्या मातीसारखाच वागतो. ओल इतकी असावी की मूठ आवळल्यावर गोळा धरेल, पण हाताला चिखल लागणार नाही. कोरड्या मुरुमावर रोलर फिरवणे म्हणजे धूळ उडवणे. शिवाय रोलर कडेकडून मध्याकडे यावा, नाहीतर दिलेली पाठ दबून सपाट होते.

पातळ थराची हीच शिस्त जगाच्या दुसऱ्या टोकाला बर्फावर पाळली जाते. नॉर्वे-फिनलंडमध्ये हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ जेमतेम असतो. तिथे स्कीच्या वाटांवरचे गवत बर्फ पडण्याआधीच कापतात, दगड वेचतात, आणि पहिला बर्फ पडला की तो आधी रोलरने दाबतात. सैल बर्फ जमिनीची ऊब धरून ठेवतो. दाबला की जमीन लवकर गोठते आणि बर्फाचे कण एकमेकांना धरतात. फिरत्या दातांचे यंत्र या काळात खोल लावत नाहीत, कारण ते खालची माती आणि खडे वर आणते. थर घट्ट होईपर्यंत वाट बंद राहते. गुलमर्गला २०२५ च्या फेब्रुवारीत बर्फाअभावी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. थर पुरेसा नसण्याची अडचण भारतातही नवी नाही. पदार्थ निराळा असला तरी पाया आधी, दाब नंतर आणि वाहतूक शेवटी हा क्रम बदलत नाही.

वाट तयार झाल्यावर तिचे पहिले दोन-तीन पाऊस निर्णायक ठरतात. पाऊस थांबताच जड वाहन गेले की चाकोरी पडते, चाकोरीत पाणी साचते आणि पुढचे चाक त्याच जागी आणखी खोल जाते. जमिनीला वाफसा येईपर्यंत वाहतूक थांबवणे आणि वाफशावर ट्रॅक्टरमागचे पाते हलकेच फिरवून चाकोरी बुजवणे, इतकेच काम असते. पण ते प्रत्येक मोठ्या पावसानंतर करावे लागते. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात डी. वॉर्ड किंग या शेतकऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओंडका उभा चिरून त्याचे दोन भाग एकामागे एक जोडले आणि पावसानंतर घोड्यांकरवी ते मातीच्या रस्त्यावरून ओढले. या साध्या अवजाराचा पुढे तिथे देशभर प्रसार झाला. काळ्या मातीच्या मुलखात असे अवजार गावातला सुतार-लोहारही करू शकेल.

पूर्णेकाठी आणखी सावधगिरी हवी. खारपाणपट्ट्यातल्या मातीत सोडियम अधिक असल्याने ती पाण्यात विरघळल्यासारखी सुटते. नाली खोल खणली तर तिच्या कडा ढासळतात. तिथे नाली उथळ, रुंद आणि गवताने धरलेली असावी. डोंगराच्या अंगाला याउलट पाण्याचा जोर मोडण्यासाठी ओढ्याच्या जागी दगडी फरशी लागते. २२ जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतली शेतेच खरडून गेली; तशा पाण्यापुढे कोणताही मुरूम टिकणार नाही.

कायद्याची बाजू तुलनेने स्पष्ट आहे. बांधावरून रस्ता देण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ ने तहसीलदाराला दिला आहे आणि अडवलेली वहिवाट मोकळी करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ आहे. २०२१ मध्ये आलेली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना मनरेगाशी जोडली गेली. मनरेगात साहित्यावरचा खर्च ४० टक्क्यांच्या आत ठेवण्याचा दंडक होता आणि त्याकडे अडचण म्हणूनच पाहिले गेले. वास्तविक नाली आणि पाठ ही मजुरीची कामे आहेत; पांदण टिकवणारा निम्माअधिक भाग त्यांतच येतो.

अंदाजपत्रकात मात्र बांधणीनंतरच्या पावसाळ्यासाठी रक्कम क्वचितच दिसते. म्हणून नियम एवढाच असावा: नालीचे आणि पाठीचे माप घेतल्याशिवाय पांदणीवर मुरुमाची एकही गाडी उतरवू नये, आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने पहिल्या पावसानंतरच्या डागडुजीचे पैसे मे महिन्यातच बाजूला काढून ठेवावेत.