विद्यापीठात पोलीस : बळ किती आणि कोणाच्या शब्दावर?

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासवर्गाच्या वतीने झालेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे विस्ताराने)



वर्धापनदिनाला धम्मावर बोलावं, बाबासाहेबांच्या कार्यावर बोलावं अशी आपली प्रथा आहे. आम्ही आज घेतलेला विषय वरवर पाहता निराळा वाटेल. विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांवर पोलिसांनी बळ वापरावं का, वापरलं तर किती, आणि त्याचा जाब कोणी द्यायचा, यावर आमच्या अभ्यासवर्गात दोन रविवार चर्चा झाली. चर्चा कसली, चांगली खडाजंगी झाली. त्यातून जे निघालं ते आपल्यापुढे मांडतो.

हा विषय विहारात कशाला, असं कोणी म्हणेल. आपल्या वस्तीतली मुलं-मुली आता बारावीवर थांबत नाहीत. पुण्याला, हैदराबादला, दिल्लीला शिकायला जातात. घरात आजवर कोणी विद्यापीठाची पायरी चढलेलं नसतं. निघताना आई एकच गोष्ट बजावते, "कशात पडू नकोस, फक्त अभ्यास कर." त्या माउलीची भीती खोटी नाही. पोलीस केस म्हणजे काय, हे आपल्या वस्त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसं गेली, ते कोण विसरेल? म्हणून हा विषय आधी आपल्या घरचा आहे.

आता धम्माकडे येऊ. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं. त्याला नाव दिलं मिलिंद. मिलिंद हा ग्रीक राजा होता. मोठा वादपटू, भल्याभल्यांना प्रश्न विचारून गप्प करणारा. तो भदन्त नागसेनांना म्हणाला, माझ्याशी वाद कराल का? नागसेनांनी एक अट घातली. पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर करीन, राजाच्या रीतीने बोलणार असाल तर नाही. मिलिंदाने विचारलं, दोन्हींत फरक काय? नागसेनांच्या सांगण्याचं तात्पर्य असं की पंडितांच्या वादात एकाचा मुद्दा दुसरा खोडतो, चूक दाखवतो, दाखवून घेतो, पण कोणी रागावत नाही. राजा मात्र एक मत मांडतो आणि जो ते मानणार नाही त्याला शिक्षा फर्मावतो. मिलिंदाने अट मान्य केली आणि मग तो संवाद झाला.

बाबासाहेबांनी कॉलेजला त्या राजाचं नाव का दिलं, याचा आपण विचार करावा. विद्यापीठ ही पंडितांच्या रीतीने बोलायची जागा आहे. तिथं कुलगुरू राजाच्या रीतीने बोलू लागले की पुढची पायरी लाठीचीच असते. आमच्या सगळ्या चर्चेचं सार यात आलं.

हैदराबाद केंद्रीय विद्यापीठाचं उदाहरण घ्या. तिथल्या आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनच्या पाच संशोधक विद्यार्थ्यांना वसतिगृहातून काढलं. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी आवारातच उघड्यावर मुक्काम मांडला आणि त्या जागेला नाव दिलं वेलिवाडा. तेलुगूत वेलिवाडा म्हणजे गावाबाहेरची वस्ती. त्या पाचांतला रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला आपल्याला सोडून गेला. त्याची आई राधिकाताई आणि भाऊ राजा यांनी त्याच वर्षी १४ एप्रिलला मुंबईत दादरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याआधी मार्चमध्ये काय घडलं, ते मात्र फार कमी लोकांच्या लक्षात आहे.

रोहितच्या मृत्यूनंतर कुलगुरू रजेवर गेले होते. २२ मार्च २०१६ ला ते परत कामावर आले. विद्यार्थी त्यांच्या निवासस्थानी जमले. तिथं मोडतोड झाली, असं प्रशासनाचं म्हणणं. निदर्शनं करणाऱ्यांना फरफटत नेलं, मारलं, मुलींना घाणेरड्या शिव्या दिल्या, असं विद्यार्थ्यांचं म्हणणं. लाठीमार झाला. पंचवीस विद्यार्थी आणि दोन प्राध्यापक अटकेत गेले आणि जामीन मिळेपर्यंत जवळपास आठवडाभर तुरुंगात राहिले. इकडे वसतिगृहांच्या खाणावळी बंद पडल्या. पाणी आणि इंटरनेटही तोडल्याची विद्यार्थ्यांची तक्रार होती. मुलांनी उघड्यावर चूल मांडून सामुदायिक स्वयंपाक सुरू केला, तर स्वयंपाक करणाऱ्या एका विद्यार्थ्याला पोलिसांनी मारल्याची तक्रार झाली. त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं.

आता आमच्या वर्गातली खडाजंगी सांगतो. एक गट म्हणाला, मोडतोड केली तर पोलीस येणारच. विद्यापीठ काय देशाच्या बाहेर आहे? मुद्दा खरा आहे. कायद्यात विद्यापीठाभोवती वेगळी भिंत नाही. परवानगीशिवाय पोलीस आत येत नाहीत हा रिवाज आहे, कायद्याची बंदी नाही. कुलगुरूंच्या काचा फोडणारा विद्यार्थी आमचा असला तरी आम्ही त्याचं समर्थन करणार नाही. त्याच्यावर गुन्हा नोंदवा, पुरावा द्या, न्यायालय काय ते ठरवील. पण काचा दुपारी फुटल्या म्हणून संध्याकाळी चुलीजवळ बसलेल्याला मारता येत नाही. ती शिक्षा झाली आणि शिक्षा देण्याचा अधिकार पोलिसांचा नाही.

कायदाही हेच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४८ वं कलम पाहा. जुन्या संहितेत ते १२९ वं होतं. आधी जमावाला पांगण्याचा हुकूम द्यायचा. तरीही जमाव हटला नाही, तर बळ वापरून पांगवायचा. म्हणजे बळाचं काम पांगवण्याचं आहे, तेवढं झालं की ते संपलं. पुढच्या कलमात लष्कर बोलावण्याची तरतूद आहे. तिथंसुद्धा कमीत कमी बळ वापरावं, माणसाला आणि मालमत्तेला कमीत कमी इजा करावी, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. लष्कराला जे बंधन आहे, त्याहून लाठीवाल्याला मोकळीक कशी असेल? ऑगस्ट २०१६ मध्ये अनिता ठाकूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जमाव आधी हिंसक झाला असला, तरी तो आटोक्यात आल्यावर त्याला मारत राहणं हे मूलभूत हक्कांचं उल्लंघन आहे. न्यायालयाने नुकसानभरपाईही द्यायला लावली.

दुसरा गट म्हणाला, पोलीससुद्धा आपलीच मुलं आहेत. हेही खरं. या वस्तीतली किती तरी पोरं भरतीसाठी पहाटे मैदानावर पळतात. बारा-बारा तास बंदोबस्तात उभा असलेला शिपाई आपला शत्रू नाही. पण मग प्रश्न आणखी टोकदार होतो. त्याला आत कोणी बोलावलं, त्याला काय हुकूम दिला, आणि हुकूम देणाऱ्याने त्याआधी विद्यार्थ्यांशी किती वेळा बोलणी केली? लाठी शिपायाच्या हातात दिसते, निर्णय मात्र वर कुठे तरी झालेला असतो.

यासाठी दूरचं एक उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाचा डेव्हिस इथं परिसर आहे. १८ नोव्हेंबर २०११ ला विद्यार्थी फीवाढीविरुद्ध हातात हात गुंफून जमिनीवर बसले होते. विद्यापीठाच्या एका पोलीस अधिकाऱ्याने त्यांच्या तोंडावर, रांगेने चालत, मिरचीचा फवारा मारला. विद्यापीठाला चौकशी समिती नेमावी लागली. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती क्रूझ रेनोसो, मेक्सिकोहून आलेल्या शेतमजुराचा मुलगा, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयातले पहिले लॅटिनो न्यायाधीश. एप्रिल २०१२ च्या अहवालात त्यांनी फवारा मारणाऱ्यावर ठपका ठेवलाच, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. कुलगुरूंपासून खालपर्यंत कोणाचा कोणता निर्णय कुठे चुकला, हे लिहून काढलं. त्या अधिकाऱ्याची नोकरी गेली आणि विद्यापीठाने दहा लाख डॉलर देऊन दावा मिटवला. तिथं सगळं आलबेल आहे असं आमचं म्हणणं नाही. पण हुकूम देणाऱ्यापर्यंत प्रश्न पोहोचला, एवढं घेण्यासारखं आहे.

आपल्याकडे १५ डिसेंबर २०१९ ला दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामिया विद्यापीठात पोलीस ग्रंथालयात शिरले. दंगलखोरांचा पाठलाग करत गेलो, असं पोलिसांनी सांगितलं. परवानगी न घेता आले, असं कुलगुरूंनी जाहीरपणे सांगितलं. वाचनालयात लाठ्या चालतानाची चित्रफीत पुढे सगळ्या देशाने पाहिली. ज्या बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथांसाठी राजगृह बांधलं, त्यांच्या अनुयायांना वाचणाऱ्याच्या डोक्यावर पडलेली लाठी खुपली पाहिजे. तो विद्यार्थी कोणत्या धर्माचा, हा प्रश्न नंतरसुद्धा येऊ नये.

तिसरा आक्षेप एका ज्येष्ठ उपासकांचा होता आणि तो सगळ्यांत वजनदार होता. ते म्हणाले, २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनीच बजावलं की रक्तरंजित मार्ग सोडा, सत्याग्रह आणि कायदेभंगही सोडा, ती अराजकाची वाट आहे. मग पोरांनी आंदोलनं करायचीच कशाला?

आम्ही ते भाषण पुन्हा काढून वाचलं. बाबासाहेबांचं म्हणणं असं की घटनात्मक मार्ग खुले असताना दुसऱ्या मार्गांना समर्थन उरत नाही. त्याच घटनेच्या १९ व्या कलमात शांततेने, शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचा हक्क आहे. तेव्हा शांततेची सभा आणि निदर्शन हा घटनात्मक मार्गच झाला. तो लाठीने बंद करणाराच मुलांना दुसऱ्या वाटेकडे ढकलतो. आणि बाबासाहेबांची शिस्त कशी होती, तेही पाहा. मार्च १९२७ ला महाडला आपल्या माणसांवर हल्ला झाला, तेव्हा चिडलेल्या लोकांना त्यांनी आवरलं. डिसेंबरात न्यायालयाचा मनाई हुकूम आला, तर हजारो लोक जमलेले असताना सत्याग्रह थांबवला आणि लढा न्यायालयात नेला. १९३७ साली उच्च न्यायालयात तो जिंकला. दगड उचलायचा नाही आणि हक्कही सोडायचा नाही, हे दोन्ही आपल्या मुलांना एकदमच शिकवलं पाहिजे.

म्हणून आमची पालकांना विनंती आहे. "कशात पडू नकोस" एवढं सांगून मुलांना पाठवू नका. त्यांना थोडी माहिती देऊन पाठवा. अटक झाली तर कारण सांगितलं पाहिजे, घरी कळवलं पाहिजे, वकिलाला भेटू दिलं पाहिजे, चोवीस तासांत न्यायाधीशांसमोर उभं केलं पाहिजे. मार लागला असेल तर वैद्यकीय तपासणी मागून घ्यावी आणि त्याचा कागद जपून ठेवावा. दंडाधिकाऱ्यांच्या खास परवानगीशिवाय स्त्रीला सूर्यास्तानंतर, सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी कोणापुढे हात जोडायची गरज नाही.

नोकरीची भीती सगळ्यांत मोठी आहे, तीही बोलून टाकू. सरकारी नोकरीच्या फॉर्मवर अटकेबद्दल, खटल्याबद्दल विचारतात. तिथं लपवालपवी करू नये. जुलै २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की माहिती खरी द्यावी, पण तरुणपणी घोषणा दिल्यासारख्या किरकोळ प्रकरणाकडे नोकरी देणाऱ्याने सोडून देण्याच्या दृष्टीने पाहावं. म्हणजे एका मोर्चाने आयुष्य संपतं, असं नाही. गंभीर गुन्ह्याची गोष्ट वेगळी, म्हणून तर दगडापासून लांब राहायचं.

शेवटची विनंती विहार समितीला आहे. आपली मुलं जिथं शिकतात, तिथल्या प्राचार्यांना, कुलगुरूंना आपण वर्षातून एकदा तरी पालक म्हणून भेटावं. वाद झालाच तर पोलिसांना फोन करण्याआधी आम्हाला करा, विद्यार्थ्यांशी बोलायला आम्ही येतो, असं सांगून ठेवावं. ज्या मुलाच्या पाठीशी चार माणसं दिसतात, त्याच्याशी प्रशासन जपून बोलतं, हा सगळीकडचा अनुभव आहे.

राजा असूनही मिलिंदाने नागसेनांची अट मानली. लोकशाहीतल्या कुलगुरूंकडून आपण त्याहून कमी मागू नये, आणि आपल्या मुलांनीही बोलताना ती अट पाळावी. एवढं बोलून थांबतो.

जयभीम! नमो बुद्धाय!