रडणारे झाड



कामगार चळवळीतल्या माणसाने झाडावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे सारे वाचन युनियनच्या कचेरीत, रात्रपाळी सुटण्याची वाट पाहता पाहता झाले. त्या वाचनात हे झाड भेटले.

इंग्रजीत त्याला ‘वीपिंग विलो’, म्हणजे रडणारा विलो म्हणतात. कारण फांद्या थेट पाण्यापर्यंत लोंबतात. फारसीत तोच ‘बेद-ए-मजनून’, मजनूचा विलो. आपल्या नदीकाठचा वाळुंज त्याचाच भाऊबंद.

१७५३ साली लिनियस या स्वीडिश पंडिताने आपल्या ग्रंथात त्याला ‘सॅलिक्स बॅबिलोनिका’ हे नाव दिले. बाबिलोनच्या नद्यांकाठी बंदिवान ज्यूंनी आपली तंतुवाद्ये झाडांवर टांगली व ते रडत बसले, असे बायबलच्या एका स्तोत्रात आहे. ते झाड हेच, असे त्याने धरले. वास्तविक हे झाड चीनचे; बाबिलोनची ती झाडे बहुधा पॉप्लरची असावीत. चूक उघडकीस आली, नाव मात्र कायम राहिले. चीनमध्ये पूर्वी प्रवासाला निघालेल्याच्या हाती विलोची डहाळी देत. तिकडे ‘विलो’ आणि ‘थांब’ या शब्दांचे उच्चार जवळजवळ सारखे आहेत.

आता आमचे नाते सांगतो. १७६३ साली एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने रॉयल सोसायटीला कळविले, की विलोच्या सालीच्या पुडीने हिवतापाच्या रोग्यांना गुण येतो. १८२८ साली म्यूनिकच्या बुखनरने सालीतून सॅलिसिन वेगळे केले. त्याच वाटेने पुढे १८९९ साली ॲस्पिरिन बाजारात आली. आज ती गोळी कारखान्यात बनते. तिला साल लागत नाही.

तरुणपणी मी यंत्रमागावर होतो. मागांच्या खडखडाटाने डोके ठणके. जॉबरच्या खणात हीच गोळी असे. तो म्हणे, “घे आणि माग चालू ठेव.” मी वर्षानुवर्षे घेतली. ठणका थांबे, खडखडाट थांबत नसे. शेवटी पोटात व्रण झाला आणि डावा कान गेला. गोळीने तर उपकारच केले होते; दुखण्याचे कारण तिच्याआड झाकले गेले, हा दोष आमचा. कानांत घालायला बोळे द्या, माग घट्ट बसवा, अशी मागणी आम्ही केली ती फार उशिरा.

मंडळी, झाड रडत नाही. फांद्या लोंबणे हा त्याचा धर्म आहे. माणूस मात्र कारणाशिवाय कण्हत नाही. आपल्या घरी कोणी मागावर जात असेल, तर आज रात्री त्याला हळू आवाजात हाक मारून पाहा. त्याने ओ दिली नाही, तर उद्या त्याला घेऊन आमच्या कचेरीत या.