दातर्तीच्या पाटाने दिलेला धडा



दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. सर्वांचा ओढा संगणकाकडे असताना स्थापत्य अभियांत्रिकी घेऊन मुलाने करायचे काय? रस्ते, पाट आणि बंधारे यांत आयुष्य घालवून पदरात काय पडणार? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी साक्री तालुक्याबाहेर जाण्याचे कारण नाही. ते पांझरेच्या काठी, दातर्ती येथे आहे.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी बंगळूरला शिकवण्या करून पदवी मिळवली. म्हैसूर संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात स्थापत्यशास्त्र शिकले आणि १८८३ च्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले. १८८४ मध्ये ते सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले. लवकरच त्यांना खानदेशात धाडण्यात आले आणि दातर्तीच्या पाटाचे पाणी पांझरेच्या प्रवाहापलीकडे नळाने नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. अशा कामात पाणी नळातून खाली उतरते आणि पलीकडे पुन्हा वर चढते. पलीकडचे तोंड अलीकडच्या तोंडापेक्षा किंचित खाली ठेवले, तरच ते वाहते. हे गणित पुस्तकात सोपे असते. पावसाळी नदीत ते कठीण होते. पुराने काम वाळूने भरून जाऊ लागले, तेव्हा या तरुणाने पावसाळा संपेपर्यंत थांबण्याची परवानगी मागितली. वरिष्ठांना ते रुचले नाही. मग त्याने तेच काम नेटाने पुरे केले.

याच परिसरातील शेतकरी कित्येक पिढ्यांपासून फड पद्धतीने पाणी वाटून घेत आले आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, लाभक्षेत्राचे तीन-चार फड पाडले जातात, एका फडात एकच पीक घेतले जाते आणि पाटकरी ठरल्या क्रमाने पाणी देतो. या व्यवस्थेमागे पदवी नव्हती. सामाजिक शिस्त होती. पुढे नीरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी गटवार पाणीवाटप आणले, १९०३ मध्ये खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले. म्हैसूरचे दिवाणपद आणि १९५५ चे भारतरत्न हे सारे त्यानंतरचे.

यातून आजच्या तरुणाने घ्यायचा बोध स्पष्ट आहे. पहिली नोकरी पगारावरून जोखू नये. तेथे काय शिकायला मिळते, यावरून जोखावी. आखणी, पातळी काढणे, काँक्रीटची चाचणी, मोजमाप-पुस्तिका आणि मजुरांशी वागणे या गोष्टी कार्यस्थळीच कळतात. दोन-तीन वर्षे तेथे घाम गाळलेल्याला पुढे काय शिकायचे, हे कोणी सांगावे लागत नाही. पायाच्या मातीने ज्याला छळले, तो भूतंत्राकडे वळतो. पाण्याने ज्याला प्रश्न घातले, तो जलसंपत्तीकडे वळतो. केवळ नोकरी मिळाली नाही म्हणून घेतलेली पदव्युत्तर पदवी मात्र बहुधा कागदच राहते.

मार्ग अनेक आहेत. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. ज्या घराला लवकर मिळकतीची गरज आहे, त्याने या वाटेला कमी लेखू नये. पदवीनंतर ‘गेट’ परीक्षा देऊन आयआयटीत एम.टेक. करता येते, या परीक्षेचे गुण तीन वर्षे ग्राह्य असतात, म्हणजे अनुभव घेऊनही शिकायला परतता येते. लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा आहेत. नाशिकला महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे.

पालकांनीही एक पथ्य पाळावे. शेजाऱ्याच्या मुलाचा पगार हा आपल्या मुलाच्या शाखेचा निकष होऊ देऊ नये. गावचा बंधारा गाळाने भरतो, नवा रस्ता एका पावसात उखडतो, तेव्हा उणीव असते ती जाणत्या आणि प्रामाणिक अभियंत्याची. १५ सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांच्या जयंतीदिनी, देशभर अभियंता दिन साजरा होतो. साक्रीच्या विद्यार्थ्यांनी त्या दिवशी हार घालून थांबू नये. दातर्तीला जाऊन पाट पाहावा, पाटकऱ्याशी बोलावे आणि मगच आपली शाखा ठरवावी.