तक्त्यात खरं तेच भरा

अमेरिकी सरकारच्या कंत्राटांचे नियम सतत बदलतात. संरक्षण खात्याचंच बघा. जपून ठेवायची सरकारी माहिती हाताळणाऱ्या कंत्राटदाराला 110 सुरक्षा-अटी पाळाव्या लागतात. अटी जुन्याच आहेत, 2017 अखेरची मुदत होती. पण ‘आम्ही पाळतो’ असं कंपनीनं स्वतःच सांगितलं की भागायचं.

10 नोव्हेंबर 2025पासून सीएमएमसीचा नियम कंत्राटांत येऊ लागला. आता टप्प्याटप्प्यानं बाहेरचे तपासनीस येतील आणि वरिष्ठाला दरवर्षी लेखी हमी द्यावी लागेल. जाणूनबुजून खोटी हमी दिली, तर 1863चा फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट लागू शकतो. त्यात नुकसानीच्या तिप्पट वसुली होते. अशी माहिती उपकंत्राटदाराकडे गेली, की अटीही त्याच्याकडे जातात.

सही वरिष्ठाची असते, पण तक्ता आपण इंजिनिअर भरतो. वापर नसताना स्क्रीन आपोआप लॉक होणं निम्म्याच लॅपटॉपवर चालू असेल, तर ‘पूर्ण’ लिहू नका. ‘अपूर्ण’ लिहा. कोण करणार, कधीपर्यंत, तेही लिहा. अशा काही किरकोळ उणिवा भरून काढायला नियम 180 दिवस देतो. ‘पूर्ण लिहून टाक’ असं कुणी म्हणालं, तर ते ईमेलवर मागा. अपूर्ण कामाला मुदत मिळते, खोट्या नोंदीला मिळत नाही.